गणवेशातला इंजिनिअर : संधी कशाची?

(नळदुर्ग येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या गावात अभियांत्रिकीवर बोलायचे तर सुरुवात बोरी नदीपासून करावी लागते, त्याला इलाज नाही. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या राजवटीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, नळदुर्गचा किल्ला आणि नदीपलीकडचा रणमंडळ हा उपकिल्ला यांच्यामध्ये बंधारा घातला गेला. त्याने तटाला पाण्याचे कवच दिले, आतल्या वस्तीला पाणी दिले आणि आपल्या पोटात पाणीमहालही सामावून घेतला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला चहूकडून लोक येतात. ते धबधबे म्हणजे पुराला वाट देऊन बंधारा वाचवण्याची सोय आहे, हे त्यातले फार थोडे ध्यानात घेतात. हा बंधारा बांधणारा माणूस लष्करी अभियंता होता की मुलकी, असा प्रश्न त्या काळात कुणाला पडला नसता. पुढेही बराच काळ पडला नाही. याच नळदुर्गात १८५३ ते १८५७ या काळात कारभार पाहणारा मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला अधिकारी. जमिनीची मोजणी तो कोणत्याही कॉलेजात न जाता शिकला होता. पुण्याजवळचे खडकवासल्याचे जुने धरण उभारणारे फाइफ हे रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी आणि गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा घालणारे आर्थर कॉटन मद्रास इंजिनिअर्सचे. ही माणसे परक्या सत्तेची चाकरी करत होती, तेव्हा त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम आणि लष्कर यांच्यामध्ये आज जी भिंत दिसते ती फार जुनी नाही, एवढे त्यांच्यावरून कळते. ती भिंत पक्की झाल्यावर लष्करातला इंजिनिअर छावणीच्या कुंपणाआड गेला आणि आपल्या नजरेतूनही गेला.

तो गेल्याचा परिणाम आपल्या घराघरांत दिसतो. तुळजापूर, धाराशिव आणि सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी आपली मुले-मुली बाहेर पडतात. त्यांच्यापुढे रस्ते दोनच आहेत असे घरात गृहीत धरलेले असते: पुण्यातली कंपनी, नाहीतर पुण्यातलीच अभ्यासिका आणि स्पर्धा परीक्षा. सैन्य म्हटले की डोळ्यांपुढे पहाटे हायवेच्या कडेने धावणारी भरतीची पोरे येतात. इंजिनिअर झालेल्या मुलाने सैन्यात जायचे म्हणजे शिक्षण वाया घालवायचे, असे आई-वडिलांना वाटते. दुसऱ्या टोकाला मार्गदर्शन शिबिरांतली भाषणे असतात. त्यांत पगार, कँटीन, क्लब, घोडेस्वारी आणि देशप्रेम एका दमात सांगून टाळ्या घेतल्या जातात. मी कुणाची भरती करायला आलेलो नाही. माझे म्हणणे एवढेच की लष्करातील कमिशन, म्हणजे अधिकारीपद, ही अभियंत्याला खरी संधी आहे, पण ती कशाची संधी आहे हे बहुतेक सल्लागार चुकीचे सांगतात. लष्कराला अभियंत्याचे ड्रॉइंग कमी आणि त्याचा निर्णय जास्त हवा असतो. ज्याला विशी-पंचविशीत एका संपूर्ण कामाची आणि ते करणाऱ्या माणसांची जबाबदारी हवी आहे, त्याला ती इतक्या लवकर दुसरीकडे क्वचितच मिळेल. ज्याला एका विषयात खोल उतरायचे आहे, त्याने मात्र दुसरे दार ठोठावावे.

अलीकडचे एक उदाहरण तपशिलात पाहू, कारण त्यात जवळजवळ सगळा युक्तिवाद आहे. ३० जुलै २०२४ रोजी केरळातल्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, चुरलमला आणि मुंडक्कई यांना जोडणारा पूल वाहून गेला आणि पलीकडची वस्ती तुटली. मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी तिथे १९० फूट लांबीचा, २४ टन भार पेलणारा बेली पूल उभारून १ ऑगस्टच्या संध्याकाळी तो वाहतुकीला खुला केला. त्या कामात पुढे होत्या मेजर सीता शेळके, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातल्या गाडीलगावच्या. त्यांचे शिक्षण लोणीच्या प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले, तेही मेकॅनिकल शाखेत. २०१२ साली त्या चेन्नईच्या अकादमीतून अधिकारी झाल्या. बेली पुलाचे गणित कागदावर सोपे आहे. दहा फूट लांबीचे पोलादी पॅनेल एकमेकांना पिनांनी जोडायचे, पुढे हलके नाक काढून सगळा सांगाडा रोलरवरून पलीकडच्या काठाकडे ढकलायचा. एक पॅनेल साधारण अडीचशे किलोंच्या पुढे भरते, ते सहा माणसांनी उचलायचे. यात नवे संशोधन काहीच नाही. प्रश्न उरतात ते वेगळेच: चिखलाने भरलेला हा काठ भार घेईल का, जागा अरुंद असताना सामान कुठे उतरवायचे, दिल्लीहून विमानाने आणि बंगळुरूहून रस्त्याने येणारे भाग कोणत्या क्रमाने लावायचे, रात्रभर उभ्या असलेल्या जवानांना विसावा केव्हा द्यायचा, आणि पाणी पुन्हा चढले तर काय करायचे. ही सगळी उत्तरे तिथेच, त्याच तासात द्यावी लागतात. मेकॅनिकलच्या पदवीत त्यातले एकही उत्तर छापलेले नसते. तरीही ती पदवी उपयोगी पडते, कारण भार, आधार आणि सुरक्षिततेची मर्यादा यांचा विचार करायची सवय तिने लावलेली असते.

आता याच पुलाची दुसरी बाजू पाहा. तो ज्याने कल्पिला तो डोनाल्ड बेली दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश युद्धखात्यात नोकरीला होता खरा, पण साधा मुलकी कर्मचारी म्हणून. रचना करणारा साध्या कपड्यांत आणि ती नदीवर टाकणारे गणवेशात, ही विभागणी आपल्याकडेही तशीच आहे. सैन्याचा ‘सर्वत्र’ हा वाहनावरून टाकायचा पूल पुण्याजवळ दिघीच्या संशोधन आस्थापनेत जन्मला. ती डीआरडीओची प्रयोगशाळा आणि तिथले बहुतेक रचनाकार शास्त्रज्ञ म्हणून भरती झालेले. पाषाणची शस्त्रास्त्रांची प्रयोगशाळाही तशीच. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला पुलाच्या सांध्यातला ताण कमी कसा करावा या प्रश्नाने झोप येत नसेल, तर त्याने गेट परीक्षा देऊन डीआरडीओचा रस्ता धरावा. पूल उद्या पहाटेपर्यंत उभा राहिला पाहिजे या विचाराने ज्याचे रक्त उसळते, त्याच्यासाठी कमिशन आहे. या नियमाला एक मोठा अपवाद आहे तो नौदलाचा. नौदलाने युद्धनौकांच्या रचनेचे खाते स्वतःकडे ठेवले आहे, त्यात गणवेशातले नौस्थापत्यतज्ज्ञ काम करतात, आणि २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली विमानवाहू ‘विक्रांत’ याच खात्याने आखली. स्थलसेनेत रचनेला एवढी जागा नाही, हे मोकळेपणाने सांगितलेले बरे.

पदवीचे महत्त्व किती, हे पाहायला कारवारजवळच्या चेंडिये गावच्या रामा राघोबा राणे यांच्याकडे जावे लागते. १९४० साली ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. पुढच्याच एप्रिलमध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे ८ ते ११ तारखांदरम्यान, मॉर्टरच्या जखमा अंगावर असताना काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. कुणी विचारील, मग आज पदवीधरच का हवेत? माझे उत्तर असे की राण्यांपुढचा सुरुंग आणि आजच्या अधिकाऱ्यापुढची रडार यंत्रणा, उपग्रहाचा दुवा, रणगाड्याचे इलेक्ट्रॉनिक नेमतंत्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले आहे. न कळणाऱ्या यंत्राबद्दल निर्णय घेणारा अधिकारी हा त्या यंत्रापेक्षा धोकादायक असतो. धैर्य पदवीने येत नाही, हे राण्यांनी दाखवले; पण धैर्याला आज माहितीची जोड लागते.

कामाचा पसारा मोठा आहे, तो थोडक्यात सांगतो. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे याच बॉम्बे इंजिनिअर्सचे, नाव आपल्याला ऐकून माहीत असते, पण इंजिनिअर कोअरचे अधिकारी पूल आणि सुरुंगांपलीकडे मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसमध्ये धावपट्ट्या, रुग्णालये, पाणीपुरवठा आणि वीज सांभाळतात, सीमा रस्ते संघटनेत डोंगर फोडतात. रोहतांगच्या खालून गेलेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा याच संघटनेचा. ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअर रणगाड्यांपासून दुर्बिणीपर्यंत सारे दुरुस्त करते आणि सिग्नल्सकडे संदेशवहन व संगणक जाळी असतात. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर नौदलाचे यंत्र अभियंते घडतात, नाशिकजवळ ओझरला हवाई दल लढाऊ विमाने उघडून पुन्हा जोडते. निवड झाल्यावरही शिक्षण थांबत नाही. दापोडीच्या मिलिटरी इंजिनिअरिंग महाविद्यालयातून, गिरीनगरच्या संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेतून, काहींना आयआयटीतून पुढे शिकवले जाते. एवढ्या संस्था एका पुणे परिसरात असून मराठवाड्यातला विद्यार्थी त्यांच्याकडे फक्त बसच्या खिडकीतून पाहतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शिक्षण वाया जाण्याचा. यात तथ्य आहे आणि ते झाकू नये. बदल्या दोन-तीन वर्षांनी होतात, आज पूल, उद्या फाइल, परवा जवानांच्या रजेचे अर्ज. पंधरा वर्षांनी असा अधिकारी स्वतःला काँक्रीटचा तज्ज्ञ म्हणवून घेऊ शकत नाही. पण हाच हिशेब कंपनीत नोकरी करणाऱ्याला लावून पाहा. सिव्हिलचा पदवीधर सॉफ्टवेअरच्या चाचण्या करतो, मेकॅनिकलचा बँकेत कर्जे मंजूर करतो, आणि त्याला कुणी वाया गेला म्हणत नाही, कारण पगाराची चिठ्ठी बोलते. वाया जाण्याची फूटपट्टी सैन्यालाच तेवढी का लावायची?

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. लष्कर हा शंकू आहे, वर जागा थोड्या; कर्नलच्या हुद्द्यासाठी निवड मंडळ बसते आणि तिथे चांगले-चांगले अडतात. कर्नल चोपन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, त्या वयात मुले कॉलेजात असतात. शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे मुदतीच्या कमिशनचा, करार दहा वर्षांचा, वाढवला तर चौदा, आणि पेन्शनला वीस वर्षे लागतात. म्हणजे पस्तिशीच्या आसपास हातात उपदान आणि पुढे नवी सुरुवात. इंजिनिअरांबद्दल आणखी एक जुनी तक्रार होती की सर्वोच्च पद लढाऊ दलांनाच मिळते. नागपूरचे मनोज पांडे ३० एप्रिल २०२२ रोजी लष्करप्रमुख झाले तेव्हा इंजिनिअर कोअरमधून त्या पदावर पोचलेले ते पहिलेच अधिकारी होते. १९८२ साली बॉम्बे सॅपर्समध्ये आलेल्या या अधिकाऱ्याने इथिओपिया-एरिट्रियातल्या संयुक्त राष्ट्र मोहिमेत मुख्य अभियंता म्हणूनही काम केले होते. त्यांच्यामुळे दार उघडले म्हणायचे, की ते उघडायला स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे लागली म्हणायचे? दोन्ही खरे आहे. ईएमईच्या अधिकाऱ्याला तर लढाऊ डिव्हिजनचे नेतृत्व आजही मिळत नाही. ज्याला फक्त हुद्द्याची शिडी दिसते त्याने हे आधी समजून घ्यावे.

मात्र पस्तिशीत बाहेर पडणे हा तोटाच, असे मी मानत नाही. चाळीस-पन्नास माणसांची तुकडी चालवलेला, कोट्यवधींच्या कामांचे करार तपासलेला, संकटात शांत राहायला शिकलेला अभियंता त्या वयात बाजारात दुर्मीळ असतो. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत सहा महिन्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम पुनर्वसन महासंचालनालयातर्फे चालतात ते याच अनुभवाच्या भरवशावर. वरच्या पातळीचे उदाहरण प्रेमिंद्र सिंह भगत यांचे. बॉम्बे सॅपर्सचा हा अधिकारी १९४१ मध्ये आफ्रिकेच्या आघाडीवर सुरुंग काढून व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला आणि लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाल्यावर १९७४ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा अध्यक्ष झाला. वीज आणि धरणांचे महामंडळ एका सॅपरकडे सोपवताना सरकारने त्याचे ड्रॉइंग तपासले नसणार.

पगाराचा मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला. लेफ्टनंटचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर लष्करी सेवा वेतन १५,५०० आणि महागाई भत्ता. ही रक्कम चांगली आहे, पण पुण्यातल्या चांगल्या कंपनीत ती चार-पाच वर्षांत गाठता येते. पैशासाठी इथे येणाऱ्याची निराशा होईल आणि त्याच्या हाताखालच्या जवानांचीही.

खरी अडचण संख्येची आहे. अलीकडच्या जाहिरातींत पदवीधर अभियंत्यांच्या स्थायी प्रवेशाच्या, म्हणजे टीजीसीच्या, जागा एका खेपेला तीसच्या आसपास असतात. शॉर्ट सर्व्हिस तांत्रिकच्या पुरुषांसाठी साडेतीनशेच्या आसपास. देशभरातल्या लाखो पदवीधरांपुढे हे आकडे ठेवले की कळते, लष्कर हा मराठवाड्याच्या बेकारीवरचा उपाय नाही. जो तसे सांगतो तो फसवतो. पण या लहान दाराची एक गोष्ट आपल्या मुलांना माहीत नसते. इथे लेखी परीक्षा नसते. पदवीच्या गुणांवर छाननी होते, मग सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची (एसएसबी) पाच दिवसांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. वयाची अट वीस ते सत्तावीस. एमपीएससीचे दार खुल्या गटाला अडतिसाव्या वर्षापर्यंत आणि मागास गटाला त्रेचाळिसाव्यापर्यंत उघडे असते. आपली मुले आधी पुण्याच्या सदाशिव पेठेत चार-पाच वर्षे काढतात आणि ते जमले नाही की सैन्याचा विचार करतात. तोवर सत्ताविसावे उलटलेले असते. क्रम उलटा हवा. जे दार आधी बंद होते ते आधी ठोठावायचे, हे कळायला इंजिनिअर असण्याचीही गरज नाही.

एसएसबीबद्दल ग्रामीण भागात एक भीती आहे की तिथे इंग्रजी बोलणारी, सैनिकी घराण्यातली मुलेच निवडली जातात. शहरी मुलाला फायदा मिळतो हे मी नाकारत नाही. ज्याने घरात वडिलांना मेसच्या गप्पा मारताना ऐकले, त्याला गटचर्चेचा सूर आधीच माहीत असतो. पण बोर्ड मोजते ते प्रामुख्याने माणूस अडचणीत कसा विचार करतो, इतरांना बरोबर घेतो का, आणि काल जे बोलला ते आज तसेच सांगतो का. पाठ केलेली उत्तरे तिथे पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. इंग्रजी सुधारता येते, आणि त्यासाठी लाखभर रुपयांचा खाजगी वर्गच लागतो असे नाही. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीचे बोलावणे आलेल्या राज्यातल्या उमेदवारांना तिथे राहण्या-जेवणासह विनामूल्य तयारी करून घेतात. बारावीआधीच ठरवलेल्यांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ पासून चालू आहे. सोयी आहेत, त्यांची पाटी आपल्या महाविद्यालयांच्या फलकावर दिसत नाही, ही तक्रार मात्र महाविद्यालयांकडेच करावी लागेल.

एक आक्षेप या जिल्ह्यात घेतला जाणारच, आणि तो घ्यायलाही हवा: ज्या भागात उन्हाळ्यात टँकर धावतात, तिथली हुशार पोरे सीमेवर रस्ते बांधायला का पाठवायची? इथे बंधारे कोण दुरुस्त करील? मला या प्रश्नाचे वजन जाणवते. पण इथली पोरे सीमेवर गेली नाहीत तर इथे राहतात का? ती पुण्याच्या हिंजवडीला, कंपन्यांत जातात. लष्करी अभियंता निदान संकटात परत येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात घरे कोसळली तेव्हा ढिगारे उपसायला लष्कराचे जवान आले होते, हे उमरगा-लोहाऱ्याच्या जुन्या लोकांना सांगावे लागत नाही. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकावर २०१७ मध्ये चेंगराचेंगरी झाली. त्यानंतर तिथे आणि करी रोड व आंबिवलीला सॅपर्सनी पादचारी पूल उभारले, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये खुले झाले. त्या वेळी माजी सैनिकांनीही विचारले होते की रेल्वेचे काम सैन्याने का करावे, आणि तो प्रश्न योग्यच होता. मुलकी यंत्रणेने आपले काम वेळेत केले असते तर गणवेशातल्या अभियंत्याला बोलवावे लागले नसते. पण त्यातून सिद्ध काय होते? मुलकी खात्यात जे अंगी बाणत नाही ते लष्करात बाणते, असेच ना? मग दहा वर्षांची नोकरी करून परतणाऱ्या अशा अधिकाऱ्यांना जिल्हा परिषद, जलसंधारण आणि आपत्ती व्यवस्थापन यांत थेट घेण्याची सोय सरकारने केली, तर आक्षेपाचे निम्मे वजन उतरेल.

शेवटी मुलींबद्दल, कारण मी दिलेल्या उदाहरणांत सर्वांत ताजे उदाहरण एका मुलीचे आहे. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थलसेनेतल्या महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशनचा हक्क मान्य केला. इंजिनिअर, सिग्नल्स आणि ईएमई या तिन्ही तांत्रिक शाखांना तो लागू आहे. तरी तांत्रिक शॉर्ट सर्व्हिसच्या जाहिरातीत महिलांच्या जागा तीसच्या आसपास राहिल्या आणि पुरुषांच्या साडेतीनशे. ऑगस्ट २०२५ मध्ये लष्कराच्या विधी शाखेत पुरुषांसाठी जास्त जागा राखण्याची पद्धत न्यायालयाने रद्द ठरवली. तो निकाल विधी शाखेपुरता होता. पण गुणवत्ता यादी एकच असावी हे तिथे पटण्यासारखे असेल, तर पूल बांधणाऱ्यांच्या यादीला वेगळा न्याय कोणत्या तर्काने लावणार, हे संरक्षण मंत्रालयाने सांगायला हवे. तोपर्यंत तुळजापूरच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने त्या तीस जागांसाठी अर्ज करायला काहीच हरकत नाही, आणि तो याच वर्षी करावा.